तिच्या स्कूटरच्या मागे

मी सलग एकोणीस दिवस माझ्या बायकोच्या मागे गाडी घेऊन फिरलो. सकाळी साडेसहाला ती स्कूटर काढायची, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली ओढून घट्ट करायची आणि निघायची. तिच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून मी निघायचो. आमच्या व्हिलाच्या तळमजल्यावर राहणाऱ्या मल्याळी कुटुंबातल्या आजोबांनी एकदा मला विचारलंसुद्धा, "आप सिक्युरिटी में काम करता है?" मी तोंडदेखलं हसलो आणि गाडी सुरू केली, कारण ती तोवर गल्लीच्या टोकाला पोहोचली होती.

आम्ही मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो. अबू धाबी शहर म्हणजे एक बेट आहे, आणि आम्ही त्या बेटाच्या बाहेर, मुख्य जमिनीवर. माझं काम मुसफ्फामध्ये, घरापासून दहा मिनिटांवर. मी इन्शुरन्ससाठी मोटार सर्व्हेअर आहे. अपघात झालेल्या गाड्या गॅरेजमध्ये येतात, मी जाऊन त्या बघतो, फोटो काढतो, काय मोडलं आणि कशामुळे मोडलं ते लिहितो. चौदा वर्षं हेच करतोय. चारचाकीच्या फाइलमध्ये बहुतेक वेळा नुसता पत्रा असतो. मोटरसायकलच्या फाइलला जवळजवळ नेहमी हॉस्पिटलचा एखादा कागद जोडलेला असतो. त्या फायलींबद्दल मी घरी कधी बोलत नसे.

बायको फिजिओथेरपिस्ट. कोथरूडला तिचं छोटं क्लिनिक होतं आणि कॉलेजपासून ती स्कूटरवरच हिंडलेली. इथे ती एका कंपनीतर्फे पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. पेशंट सगळे बेटावर, जुन्या वस्तीतल्या उंच इमारतींमध्ये: कुणाचा गुडघा बदललेला, कुणाला अर्धांगाचा झटका आलेला. सुरुवातीला कंपनीची व्हॅन चौघीजणींना मिळून सोडायची आणि परत घ्यायची. एकीचा पेशंट लांबला की बाकीच्या तिघी उन्हात उभ्या. मग तिने आमची जुनी छोटी गाडी न्यायला सुरुवात केली, तर पार्किंग मिळेना. त्या इमारतींच्या मागच्या बोळांत गाड्यांच्या मागे गाड्या लावलेल्या असतात आणि ज्याची अडकली आहे तो हॉर्नवर हात ठेवून उभा असतो. चाळीस मिनिटांच्या व्यायामासाठी पंचवीस मिनिटं चकरा. एका दिवशी ती घरी आली, पर्स टेबलावर टाकली आणि म्हणाली, "आज मी एकाच इमारतीभोवती सात वेळा फिरले. तेवढ्यात एक डिलिव्हरीवाला आला, बाइक लावली, वर गेला, खाली आला, निघूनही गेला. मी फिरतेच आहे."

त्यानंतर दोन आठवड्यांनी पोळ्या लाटता लाटता तिने सांगितलं, "मी फाइल उघडलीय."

"कसली फाइल?"

"लायसन्सची. मोटरसायकलच्या."

मी काही बोलायच्या आत आमची लेक, पंधरा वर्षांची, फ्रिजपाशी उभी राहून म्हणाली, "फायनली! बाबा, शी इज अ बेटर ड्रायव्हर दॅन यू एनीवे."

मी जे जे बोलायचं ते बोललो. इथले रस्ते कोथरूडचे नाहीत, इथे ट्रकसुद्धा शंभरावर येतात, उन्हाळ्यात सीटवर बसवत नाही, या वयात हाड मोडलं तर जुळत नाही. शेवटचं वाक्य मी एका फिजिओथेरपिस्टला ऐकवत होतो. ती पोळी उलटत राहिली. मग गॅस बंद करून म्हणाली, "मी परवानगी मागत नाहीये रे. सांगतेय."

पुण्याहून तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मला वाटलं, आता माझ्या बाजूने एक मत पडेल. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "स्कूटरला किती पडतील?"

"साडेपाच हजार दिरहम," बायको म्हणाली. "म्हणजे सव्वा लाखाच्या वर."

"मग चांगली कंपनीची घे," सासूबाई म्हणाल्या, "आणि डिकी मोठी बघ." मी कॅमेऱ्याच्या बाहेर सरकलो.

टेस्टमध्ये ती दोनदा नापास झाली. पहिल्यांदा शंकूंमधून वळणं घेताना पाय टेकला. दुसऱ्यांदा लेन बदलताना मान वळवून मागे पाहिलं नाही. नुसता आरसा बघितला. शिकवणारे उस्ताद लाहोरचे, पांढऱ्या मिशांचे. ते तिला बाजी म्हणायचे, म्हणजे ताई, आणि सांगायचे, "बाजी, शीशा झूठ बोलता है. गर्दन घुमाओ." तिसऱ्या वेळी ती पास झाली. मी तिला न्यायला गेलो होतो. गाडीत बसल्यावर तिने लायसन्सचं कार्ड डॅशबोर्डवर ठेवलं आणि काच खाली करून बराच वेळ बाहेर बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला फायलींना जोडलेले हॉस्पिटलचे कागद आठवत होते.

पहिल्या दिवशी मी तिच्या मागून निघालो तेव्हा खरं तर फक्त मुख्य रस्त्यापर्यंत जायचं ठरवलं होतं. पण मुख्य रस्त्याला लागल्यावर एक मोठी काळी गाडी तिच्या मागे अगदी चिकटून आली आणि लाइट मारायला लागली. ती उजवीकडच्या, सगळ्यात हळू लेनमध्ये होती, नियमानेच चालली होती. मी मध्ये घुसलो. काळी गाडी डावीकडून सुसाट निघून गेली. मग मला त्या जागेवरून हलवेना. तिच्यापासून तीस-चाळीस मीटर मागे, तिच्याच वेगाने, लेन अडवून मी पार बेटापर्यंत गेलो. मागचे लोक हॉर्न वाजवत होते, हात वर करत होते. मी समोर तिची पाठ बघत होतो: पिवळं चमकदार जॅकेट, हेल्मेटखालून आलेली वेणी, मागचा डबा. पुलावर वारा आडवा लागला की ती किंचित डावीकडे झुकायची, आणि मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरायचो की उतरल्यावर बोटं सरळ व्हायची नाहीत.

तिच्या ते तिसऱ्याच दिवशी लक्षात आलं. संध्याकाळी तिने विचारलं, "उद्याही येणार आहेस?"

"माझा तोच रस्ता आहे."

"तुझं ऑफिस पुलाच्या अलीकडे आहे. तू रोज बेटावर येऊन परत जातोस."

मी गाडीची चावी खुंटीला अडकवली.

"हे बघ," ती म्हणाली, "तू मागे असलास की मला आरशात तूच दिसतोस. बाकीचं काही दिसत नाही."

"एक महिना. मग नाही येणार."

"एक महिना. मग खलास?"

"खलास."

त्या दिवसांत तिने बेटावर स्वतःची अशी एक दुनिया जमवली होती, ती मी मागून थोडीथोडी बघत होतो. डिलिव्हरीवाले जिथे झाडाच्या सावलीला बाइक लावून बसतात तिथे ती आपली स्कूटर लावायची. त्यांनी तिला दाखवलं की सीटवर पुठ्ठा टाकून ठेवायचा, म्हणजे परत आल्यावर चटका बसत नाही. कुठल्या इमारतीच्या मागे वॉचमन बाइक लावू देतो, कुठल्या सिग्नलला डावीकडे वळणाऱ्या गाड्या बघत नाहीत, हे सगळं त्यांनी सांगितलं. ती त्यांना भाई म्हणायची, ते तिला बाजी, चेची, मॅडम, दीदी, जो जिथला असेल त्याप्रमाणे. दिवसाला पाचच्या जागी सात पेशंट व्हायला लागले आणि ती उजेड असताना घरी यायला लागली. हे सगळं चांगलं चाललं होतं. मी तरी रोज मागे होतोच.

विसाव्या दिवशी धुकं पडलं.

इथे हिवाळ्यात धुकं पडतं. आदल्या संध्याकाळीच मोबाइलवर इशारा आला होता. पहाटे उठून मी गच्चीचा दरवाजा उघडला तर समोरच्या मशिदीचा मिनार अर्धा होता आणि अर्धा नव्हता. लेकीची स्कूल बस उशिरा येणार म्हणून मेसेज आला. मी बायकोला म्हटलं, "आज गाडीने चल. मी सोडतो."

"मग दिवसभर पेशंटकडे कशी फिरू?"

"टॅक्सीने."

ती बाहेर जाऊन बघून आली. आमच्या गल्लीत तेव्हा पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत स्पष्ट दिसत होतं. "एवढं काही नाहीये," ती म्हणाली. "पुलाच्या आधी पेट्रोल पंप आहे. दाट वाटलं तर तिथे थांबेन, धुकं जाईपर्यंत. प्रॉमिस."

मला आजही कळत नाही मी का ऐकलं. मी मागे असणार आहे, हे मनात होतं म्हणून बहुतेक.

पेट्रोल पंपापर्यंत खरंच ठीक होतं. ती पंपाजवळ हळू झाली, जरा विचार करतेय असं वाटलं, आणि पुढे गेली. पुढच्या वळणानंतर मात्र धुकं एकदम समोर उभं राहिलं. रस्त्यावरच्या बोर्डावर वेगमर्यादा ऐंशी झाली होती. आम्ही चाळिसावर होतो. तिचं पिवळं जॅकेट आधी राखाडी झालं, मग नुसता लाल ठिपका उरला. मी अंतर कमी केलं. तेवढ्यात डावीकडून एक पाण्याचा टँकर आमच्या लेनमध्ये आला, तिच्या आणि माझ्या मध्ये. मी हॉर्न दाबून धरला. टँकरला काय कळणार, तो उलट आणखी हळू झाला. मला त्याच्या मागची घाण साखळी आणि दोन मिणमिणते दिवे दिसत होते, बाकी काही नाही. ओव्हरटेक करायला डावी लेन दिसत नव्हती. मी काच खाली केली, काही ऐकू येतंय का म्हणून. ओल्या रस्त्यावर टायरांची सूं सूं, एवढंच.

अशी तीन मिनिटं गेली असतील, कदाचित चार. मग टँकरने कचकन ब्रेक मारला, डाव्या लेनमध्ये वळला आणि गेला. आणि समोर, रस्त्याच्या कडेला, धुक्यात काहीतरी नारिंगी चमकलं. डिलिव्हरीचा डबा होता. उघडा पडलेला, शेजारी कागदी पिशव्या. त्याच्या पुढे आडवी पडलेली बाइक, चाक वर. आणि त्याच्याही पुढे, अर्धं लेनमध्ये, पिवळं जॅकेट.

मी गाडी उजवीकडच्या पट्ट्यावर घेतली, हॅझर्ड लाइट लावले आणि उतरलो. पाय चालत होते. डोक्यात मात्र रोजचा रिपोर्ट सुरू झाला होता: पुढचा फोर्क वाकलेला, डाव्या बाजूला घसरल्याच्या खुणा, आरसा तुटलेला. मी तो थांबवू शकत नव्हतो. बाइक काळी होती. तिची स्कूटर पांढरी. हे कळायला मला दहा पावलं लागली.

तिची स्कूटर पुढे कठड्याला लागून उभी होती, इंडिकेटर चालू. ती स्वतः रस्त्यावर गुडघे टेकून बसली होती. समोर एक माणूस उताणा पडलेला, तिने दोन्ही हातांनी त्याचं हेल्मेट बाजूंनी धरून ठेवलं होतं, जराही न हलवता. माणूस चाळिशीचा असेल, दाढीत दोन-चार पांढरे केस. त्याचा एक पाय मांडीपासून चुकीच्या दिशेला वळला होता.

"बाजी," तो म्हणत होता, "मेरा पैर है ना? बाजी, पैर है?"

"है भाई, है. हिलना मत. मेरी तरफ देखो."

तिने मान न वळवता मला विचारलं, "गाडी कुठाय तुझी?"

"मागे. कडेला."

"पोलिसांना फोन केलाय मी. ॲम्ब्युलन्स येतेय. तू मागे जा. गाडीच्याही पुष्कळ मागे. गाड्या थांबव."

"तू आधी लेनमधून बाहेर..."

"याची मान हलवता येत नाही. आणि मी सोडू शकत नाही. जा, प्लीज, जा."

मी पळालो. डिकीतून लाल त्रिकोण काढला. पुढच्या सीटवर काचेला लावायची ती चंदेरी सनशेड पडली होती, उन्हासाठीची, तीही उचलली. कठड्याला धरून मी मागे मागे गेलो, पावलं मोजत. साठ पावलांवर त्रिकोण ठेवला. मग आणखी वीस पावलं जाऊन सनशेड उघडली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा राहिलो.

धुक्यात गाडी आधी ऐकू येते. लांबून एक बारीक घरघर, मग ती वाढत जाते, पण कुठल्या लेनमध्ये आहे ते कळत नाही. मग एक पिवळट डाग उजळतो, त्याचे दोन होतात, आणि एकाएकी ती तिथे असते. पहिली गाडी आली. मी सनशेड हलवली, ओरडलो, "स्टॉप! स्टॉप!" तिच्या दिव्यांचा उजेड चंदेरी कागदावर आपटून माझ्याच डोळ्यांत गेला. ती डावीकडे वळली, हॉर्न देत गेली. दुसरीही वळली. तिसरी इतक्या जवळून गेली की तिचा आरसा सनशेडला लागला आणि ती माझ्या हातात गर्रकन फिरली. मी कठड्याला टेकलो. माझ्या मागे शंभरेक पावलांवर ती लेनमध्ये बसलेली होती आणि तिच्या नि या गाड्यांच्या मध्ये मी आणि दोन फूट चंदेरी कागद.

चौदा वर्षं मी गाड्यांच्या आतून आणि बाहेरून नुकसान मोजलं. पत्र्याबाहेर उभं राहून समोरून येणाऱ्या गाडीची वाट मी कधी बघितली नव्हती. माझी बायको रोज तिथेच असायची.

किती गाड्या गेल्या ते आठवत नाही. मग एक जड आवाज आला, ब्रेकचा लांब सुस्कारा ऐकू आला आणि एक ट्रक माझ्यापासून पाच-सहा मीटरवर येऊन थांबला. वरून एक पठाण ड्रायव्हर वाकला.

"क्या हुआ, साब?"

"बाइकवाला गिरा है. आगे. लेडीज बैठी है उसके पास, रोड पे."

त्याने एकदा पुढे धुक्यात बघितलं. दिसण्यासारखं काही नव्हतंच. मग तो म्हणाला, "आप साइड में जाओ." ट्रक थोडा मागे घेतला, तिरका केला, आख्खी उजवी लेन अडवली, सगळे दिवे चालू केले आणि खाली उतरला. हातात त्याने एक लाल फडकं घेतलं आणि ट्रकच्याही मागे चालत गेला. "अब कोई नहीं आएगा, इन्शाल्ला," त्याने जाता जाता सांगितलं, जणू चहाला जातोय.

मी सनशेड मिटली आणि बायकोकडे परत निघालो.

पोलीस आले, मग ॲम्ब्युलन्स. तिने पॅरामेडिकला इंग्रजीत भराभर सांगितलं: शुद्धीवर आहे, हात हलतायत, बोटांना संवेदना आहे, मांडीचं हाड गेलंय. त्याने तिच्या हातांच्या बाहेरून स्वतःचे हात लावले आणि मानेला पट्टा लागल्यावर म्हणाला, "ओके, यू कॅन लेट गो." तिने लगेच सोडलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. मग तिने हात उचलले आणि ते तसेच वाकलेले हवेत धरून ती उठली.

स्ट्रेचर आत जाताना तो माणूस काहीतरी बोलत होता. ती जवळ गेली. त्याला फोन हवा होता, ऑर्डर पोहोचली नाही हे कळवायला. तिने फोन शोधून त्याच्या छातीवर ठेवला आणि म्हणाली, "भाई, आज नहीं. आज छुट्टी."

पोलिसाने आम्हाला तिथून हलवलं. त्याच्या गाडीच्या मागे ती स्कूटरवर, तिच्या मागे मी, असे वीसच्या वेगाने पूल ओलांडला आणि बेटावरच्या पहिल्या पेट्रोल पंपावर थांबलो. पंपाच्या कोपऱ्यातल्या कॅफेटेरियातून मी कडक चहाचे दोन कागदी कप आणले. ती गाडीत बसली होती. पँटच्या गुडघ्यांवर चिखल आणि कशाचीतरी पिवळी डाळ लागली होती, त्या फाटलेल्या पिशव्यांमधली.

तिने चहाचा एक घोट घेतला. मग ती म्हणाली, "तो माझ्या पुढेच होता. पुढची कुठलीतरी गाडी एकदम थांबली, त्याने ब्रेक दाबला आणि घसरला. मी हळू होते म्हणून थांबले."

"हं."

"मी स्कूटर लावली आणि सरळ पळाले. मागे बघितलंसुद्धा नाही. गर्दन घुमाओ, म्हणून उस्तादांनी एवढं घोकून घेतलेलं. पण मला वाटलं, मागे तू आहेस. तू लेन अडवून ठेवली असशील. रोज असतोस तसा." तिने माझ्याकडे बघितलं. "होतास ना?"

मला हो म्हणता आलं असतं. तिला कधीच कळलं नसतं.

"नव्हतो," मी म्हटलं. "टँकर मध्ये आला होता. तू दिसेनाशी झालीस. तीन-चार मिनिटं मी तुझ्या मागे नव्हतोच. टँकर होता."

तिने चहाचा कप दोन्ही हातांत धरला. ती रडली नाही, चिडलीही नाही. फार सावकाश म्हणाली, "म्हणजे मी टँकरच्या समोर जाऊन बसले."

"हो."

"तू मागे नाहीस हे माहीत असतं, तर मी आधी मागे बघितलं असतं."

"हो."

त्या दिवशी तिने पहिले दोन पेशंट फोन करून पुढे ढकलले. धुकं दहाच्या सुमाराला उठलं आणि इतकं लख्ख ऊन पडलं की सकाळचं सगळं कुणीतरी सांगितलेलं वाटावं. ती स्कूटरवर बसली. मी ऑफिसच्या दिशेने गाडी वळवली. पुलावरून परत येताना त्या जागी काहीच नव्हतं, रस्त्यावर एक पुसट काळी रेघ तेवढी.

रात्री जेवताना लेकीला सगळं सांगितलं. ती आईकडे बघत म्हणाली, "मॉम, यू कुड हॅव डाइड." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "यू टू." पहिल्यांदाच ती या विषयावर माझी थट्टा न करता बोलली. त्याच टेबलावर आम्ही नियम ठरवले. धुक्याचा इशारा असेल त्या दिवशी स्कूटर निघणार नाही, मग बाहेर कितीही स्वच्छ दिसो. त्या दिवसाचे पेशंट टॅक्सीने नाहीतर दुपारनंतर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सकाळी दहानंतर स्कूटर नाही. पहिल्या पेशंटकडे पोहोचल्यावर एक मेसेज. आणि मी मागे यायचं नाही. शेवटचा नियम मीच सांगितला. ती म्हणाली, "महिना संपायला अजून दहा दिवस आहेत." मी म्हटलं, "खलास."

तो माणूस हॉस्पिटलात सात आठवडे होता. मांडीत रॉड घातला. ती दोनदा त्याला भेटून आली आणि दुसऱ्या वेळी त्याला काठीने कसं चालायचं ते शिकवून आली. पुढे तो त्याच्या गावी, मुलतानजवळ, परत गेला. तिथून त्याने एक फोटो पाठवला: तो आणि त्याच्या तीन मुली, काठी कुठे दिसत नव्हती. पठाण ट्रकवाल्याचा नंबर घ्यायचं आम्हाला दोघांनाही सुचलं नाही. याची खंत तिला माझ्यापेक्षा जास्त आहे.

मागे न जाण्याचा पहिला दिवस मला जड गेला. सव्वासातला मेसेज यायला हवा होता. मी मुसफ्फामध्ये एका गॅरेजात होतो, समोर मागून ठोकलेली एक पांढरी गाडी. साडेसात झाले. मेकॅनिक मला दाखवत होता की डिकीचं झाकण बंद होत नाही, आणि मी हो हो म्हणत होतो. पावणेआठ. फोन काढला, तिचं नाव उघडलं. ती गाडी चालवत असेल आणि खिशात फोन वाजला तर? ती खाली बघेल. मी फोन बंद करून ठेवला, पुन्हा उघडला, पुन्हा ठेवला. मेकॅनिकने विचारलं, "तबियत ठीक है, सर?" मी पाणी मागितलं. मला तिच्या मागे निघावंसं वाटत होतं. चावी हातातही घेतली होती. पण पुलावर जाऊन काय बघणार होतो, आणि बघून काय थांबवणार होतो? मी चावी परत खिशात टाकली.

सात पंचावन्नला मेसेज आला. "पोहोचले. लिफ्ट बंद, नऊ मजले चढले. आता आजींचा व्यायाम करू की माझा?"

मी तो दोनदा वाचला. उत्तरात एक अंगठा पाठवला. मग मेकॅनिकला म्हटलं, "ढक्कन फिर से दिखाओ, पहले मैंने ठीक से देखा नहीं," आणि कॅमेरा काढून खाली वाकलो.